रिकामं चावणं

दामिनीच्या अंगठ्याला आधी कळलं. डोक्याला पुष्कळ उशिरा कळलं, आणि मनाची गोष्ट तर सोडाच, ते अजून उंबऱ्यातच अडून उभं होतं. अमरावतीतली मे महिन्याची दुपार, फार्मसी कॉलेजच्या मागे उंदरांची खोली आणि त्या खोलीला चिकटून दोन टेबलं मावतील एवढी ही जागा. इथे बसून ती दोन महिने एकच काम करत होती. पांढऱ्या उंदराचा पाच मिनिटांचा व्हिडिओ लावायचा, आणि तोंडात काही नसताना तो जितक्या वेळा चावेल तितक्या वेळा बटण दाबायचं. पुस्तकात याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. तिने आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या गजालाने त्याला रिकामं चावणं असं सुटसुटीत नाव दिलं होतं. बटण म्हणजे जप मोजायचं, बोटात अंगठीसारखं घालायचं यंत्र. कॉलेजकडे मोजणीयंत्र मागून मागून जीभ झिजली, तेव्हा दामिनीने सरळ अंबादेवीच्या देवळाबाहेरच्या दुकानातून हे उचलून आणलं होतं. उंदरांचा जप, म्हणून दोघी हसल्याही होत्या. तर तेरा नंबरचा उंदीर संपला, यंत्र तिने शून्यावर आणलं आणि चौदा लावायच्या आधी फोन उघडला. बाबांनी अकोल्याहून व्हिडिओ पाठवला होता. ओसरीवर सतरंजी, गल्लीतल्या बायका स्तोत्र म्हणताहेत, आणि मधोमध आई, डोळे अर्धे मिटलेली, ओठ हलताहेत. दामिनी बघत राहिली. व्हिडिओ संपला. तेवढ्यात गजाला वही घेऊन आत आली, चौदा नंबरचं काय झालं म्हणून तिने विचारलं, आणि दामिनीने बोटातल्या यंत्राकडे बघून वाचून दाखवलं, बावन्न. गजालाने लिहून घेतलं. मग पेनचं टोपण लावता लावता ती म्हणाली, "बावन्न? मंग हा पक्का बिनासंत्र्याचा."

एकवीस दिवस उंदरांना हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध टोचायचं, म्हणजे त्यांची तोंडं आपोआप हलू लागतात, हा प्रयोगाचा पहिला भाग. त्यातल्या काहींना सोबत चांदूर बाजारहून आणलेल्या संत्र्यांच्या सालीतून काढलेलं एक पिवळसर संयुग पाजायचं आणि त्यांचं चावणं कमी होतं का ते पाहायचं, हा दुसरा. कोणत्या उंदराला काय दिलंय हे मोजणाऱ्याला ठाऊक नसावं, म्हणून ती यादी गजालाच्या कुलपात असे. पण यादी न बघता, आकडा ऐकूनच गट ओळखण्याइतकी गजाला सरावली होती. ज्याला साधं पाणी टोचलंय तो पाच-सात वेळा चावायचा, ज्याला संयुग मिळालंय तो वीस-पंचवीस वेळा. पन्नासच्या वर गेला की समजायचं, याला नुसतं औषध मिळालं, वाचवायला कुणी आलं नाही.

चौदा अजून लावलाच नव्हता, अंगठा आईच्या ओठांवर चालला होता, पण दामिनीने त्या क्षणी चूक दुरुस्त केली नाही. वहीत चौदाच्या पुढे बावन्न लिहिलेलं ती बघत बसली. हॅलोपेरिडॉल. लहानशी, पांढरी, पाण्यात टाकली तर चव न लागणारी गोळी. चव लागत नाही हे तिला ठाऊक होतं, कारण सोळा वर्षांपूर्वी आईच्या चहात ती तिनेच विरघळवली होती. दामिनी तेव्हा बारावीत. आईला झोप येईनाशी झाली होती. मोर्णा नदीच्या पुलावरून कुणीतरी आपल्याला हाका मारतंय म्हणून ती भर उन्हात अनवाणी निघायची. पदर कुठे, केस कुठे. बाबा, म्हणजे खुशालराव, तेव्हा कृषी विद्यापीठाच्या शेतावर मुकादम होते. कामावरून कुणी ना कुणी त्यांना बोलावून आणायचं, की खुशालराव, चाला, तुमची येडी पुन्हा पुलावर गेली. बाबा सायकल हातात धरून पुढे चालायचे आणि आई मागून दहा पावलांवर. ते दहा पावलांचं अंतर दामिनीला अजून मोजून दाखवता आलं असतं. घरी ते तिच्याशी बोलत नसत. ताट वाढून घेत आणि भिंतीकडे तोंड करून जेवत. माणूस वाईट नव्हता, पण लाज वाईट. मग एका डॉक्टरने गोळी दिली, आणि महिन्याभरात हाका थांबल्या. आई घरात बसू लागली. बसली की बसूनच राही, चेहऱ्यावर काही उमटत नसे, पण घरात शांतता आली आणि त्या शांततेला नावं ठेवायची कुणाची इच्छा नव्हती.

तोंड हलू लागलं ते चारेक वर्षांनी. आधी नुसते ओठ, मग जबडा, मग अधूनमधून जिभेचं टोक ओठांवरून फिरून आत जायचं. घर महानुभाव पंथाचं. दामिनीच्या आजोबांपासून सगळे उपदेश घेतलेले, भेटल्यावर दंडवत घालणारे, मुंगी दिसली तर पाय उचलून धरणारे. अशा घरात बाई दिवसभर गप्प बसून ओठ हलवते, तर ती दुसरं काय करत असणार? एकदा रिद्धपूरहून पंथातल्या एक वृद्ध तपस्विनी घरी आल्या. आईसमोर बराच वेळ बसल्या, तिचं तोंड निरखून पाहिलं, आणि डोळे पुसत बाबांना म्हणाल्या की आम्ही आयुष्य घालवलं तरी आमचं स्मरण घडीघडीला तुटतं, हिचं तुटत नाही. झालं. त्या एका वाक्याने घर फिरलं. ज्या बायका आईला बघून लेकरं आत घ्यायच्या त्याच बायका लेकरांचा निकाल लागायच्या आधी त्यांना घेऊन पाया पडायला येऊ लागल्या. नवी सून आली की पहिलं दर्शन देवाचं, दुसरं जमुनाबाईचं, म्हणजे आईचं. आणि बाबा. सकाळी अंघोळ झाली की ते आईशेजारी सतरंजीवर येऊन बसत, गुडघ्याला गुडघा लावून, डोळे मिटून. एवढ्या जवळ बसलेले आईबाप दामिनीने त्याआधी पाहिलेच नव्हते. तिच्या ओठांची लय धरून मी नाम घेतो, असं ते सांगत. आईला दातांनी चावता येईना तेव्हा भाकरी दुधात कुसकरून तेच भरवू लागले. दामिनीने स्वतः एम.फार्म.च्या परीक्षेला जाताना आईच्या पायावर डोकं ठेवलं होतं. पास झाली, चांगल्या मार्कांनी. त्याचं श्रेयही तिने मनातल्या मनात त्या हलणाऱ्या ओठांना देऊन टाकलं होतं.

आणि या सगळ्या वर्षांत गोळ्या कोण आणत होतं? दामिनी. त्या डॉक्टरांनी अकोला सोडलं, दुसरा कुणी शोधायचं राहून गेलं. कशाला शोधायचं, आई तर बरीच होती. घरात आता फार्मसी शिकणारी मुलगी होती. तिने काय हुशारी केली, तर डॉक्टरांची ती जुनी चिठ्ठी फाटायला आली म्हणून लॅमिनेट करून घेतली. प्लास्टिकमध्ये घातलेल्या कागदावर पुढे कुणाला एक अक्षर लिहिता येत नाही, गोळी कमी करता येत नाही, वाढवता येत नाही, थांबवता येत नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही. ओळखीच्या दुकानातून ती दर महिन्याला पाकिटं घ्यायची आणि अकोल्याला पोचवायची. एकदाही चुकली नाही. किती जपते पोरगी आईला, असं लोक म्हणत, आणि तिलाही ते खरं वाटे.

तिच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिने स्वतः लिहिलं होतं. हे औषध वर्षानुवर्षं घेतलं तर माणसाच्या तोंडाच्या, जिभेच्या, जबड्याच्या हालचाली त्याच्या ताब्यात राहत नाहीत. ओठ मुडपणं, चावल्यासारखं करणं, जीभ बाहेर येणं. कधी कधी औषध बंद केल्यावरही हे जात नाही. ही वाक्यं तिने अमरावतीच्या घरी टेबलावर बसून टाइप केली तेव्हा शेजारी फोन स्पीकरवर होता आणि पलीकडून बाबा सांगत होते की आज तुझ्या मायचं स्मरण लई रंगलं. तिने हो हो म्हटलं आणि पुढचा परिच्छेद घेतला. असं कसं झालं? काखेत कळसा म्हणतात, पण इथे तर कळसा डोक्यावर घेऊन ती पाणी शोधायला अमरावतीला आली होती. दिसलं नाही, की दिसू दिलं नाही? तिने स्वतःला खोदून विचारलं आणि उत्तर आलं ते तिला आवडलं नाही. येड्या बाईची पोरगी होण्यापेक्षा साध्वीची मुलगी होणं तिला बरं वाटलं होतं. एवढंच, आणि हे फार होतं.

तिने पेन घेतलं, बावन्नवर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली. गजालाने विचारलं, काहून, मोजणी चुकली का? दामिनी म्हणाली, "थो उंदीर नोहता." गजालाने टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. त्यावर अजून आईचा चेहरा थांबलेला होता, जिभेचं टोक ओठांवर. गजालाला पुढचं काही सांगावं लागलं नाही. तिने वही मिटली, दामिनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि इतकंच म्हणाली की खालांना, तुह्या मायले, कोण्या चांगल्या डॉक्टरले दाखव, आता इलाज हायेत त्यावर. मग पलीकडच्या खोलीत पिंजऱ्यांना पाणी घालायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत खिडकीची काच सैल होती आणि बडनेऱ्यापासून ती जी खडखडत होती ती थेट अकोल्यापर्यंत. मूर्तिजापूरला समोरच्या सीटवर एक म्हातारी चढली, तंबाखू चघळत होती, आणि दामिनीचा अंगठा पुन्हा चालू लागला. तिने मूठ आवळली. बोटात यंत्र अजून होतं. कालपासून ते काढायचं तिला सुचलंच नव्हतं. दोन्ही बाजूला नांगरून ठेवलेलं काळं रान उन्हात पडलं होतं. काय सांगायचं, कुणाला सांगायचं, याची तिने मनाशी दहा वेळा तयारी केली. गोळी एकदम बंद करता येत नाही. केली तर तोंड आधी जास्तच हलेल, आणि पुलावरच्या हाका परत येतील तो धोका वेगळा. हळूहळू बदलावी लागेल, त्यासाठी नागपूरला न्यावं लागेल. हे सगळं बोलता येण्यासारखं होतं. पण नागपूरला कशासाठी नेते आहेस, असं बाबांनी विचारलं, तर? तिच्या तुटत नसलेल्या स्मरणावर इलाज करायला? बाबांचं म्हातारपण त्या ओठांच्या आधाराने उभं होतं. ते काढून घेतलं तर माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून जेवू लागेल का, ही भीती तिला बोरगावपासून जी चिकटली ती घराच्या दारापर्यंत.

घरात कूलर लावलेला होता. बाबांनी दंडवत केला, उन्हात कशी आलीस म्हणून रागावले, आणि आईला भरवायला बसले. दामिनीने आज प्रथमच नीट पाहिलं. दुधातला घास जीभ बाहेर ढकलत होती, बाबा तो हनुवटीवरून टिपून पुन्हा आत सरकवत होते, आणि हे किती सावकाश, किती मायेने. मग आई सतरंजीवरच आडवी झाली आणि तिला झोप लागली. आणि तोंड थांबलं. एकदम, पूर्ण. दामिनी तिच्याजवळ सरकली. तो चेहरा तिने बारा वर्षांत पाहिला नव्हता. खालचा ओठ थोडा जाड, डाव्या कोपऱ्यात लहानपणी पडल्याची खूण. हीच बाई तिची वेणी घालताना दातात रिबीन धरून गोष्टी सांगायची. दामिनीला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं. बाबांनी विचारलं तर तिने ऊन लागलं म्हणून सांगितलं. संध्याकाळच्या दुधाला अवकाश होता, पण लेक आली म्हणून जास्तीचं दूध सांगायला बाबा बरणी घेऊन बाहेर पडले.

आई उठली ती तोंडासकट उठली. डोळे उघडले तसे ओठ चालू झाले. दामिनीने तिचा गाल बोटाने हळूच बाजूला करून आत पाहिलं. गालाची आतली कातडी चावून चावून पांढरी झाली होती, दोन ठिकाणी जखमा. मग ती जे बोलली ते तयारीतलं काहीच नव्हतं. ती म्हणाली की आई, हे गोळीनं होते, मी आणून देत होती त्या गोळीनं, मी उंदरांना तीच टोचते आणि त्यांचंही तोंड असंच हालते, हे नाम नाही.

बोलायचं असलं की आई आधी दोन्ही ओठ घट्ट मिटून घ्यायची, जरा थांबायची आणि मग शब्द सोडायची. लोकांना ते मौनातून बाहेर येणं वाटे.

"मले माईत हाय," ती म्हणाली.

कधीपासून, दामिनीने विचारलं.

"पयल्या दिसापासून. माह्यं तोंड, मले नाई माईत होनार? आपोआप हालते थे. नाम घ्याले गेली का जीभ मधातच पलटी मारते. बारा वर्स झाले दामिने, एक बार बी पुरं नाम घेता नाई आलं मले."

"मंग सांगितलं काहून नाई?"

आईने पुन्हा ओठ मिटले. या वेळी जरा जास्त वेळ लागला. मग तुकड्यातुकड्यांनी तिने जे सांगितलं ते असं. त्या तपस्विनी बोलून गेल्या त्या दिवशीच सांगणार होती. पण त्या दिवशी तुझे बाबा जवळ येऊन बसले. म्हटलं, आजचा दिवस बसू द्यावं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी त्यांनी हाताने भरवलं. येड्या बाईचं कोण ऐकतं, आणि साध्वीला कोण विचारतं. दोन्हीकडून बोलायचं काम संपलंच. पाया पडायला बाया यायच्या तेव्हा फार लाज वाटायची, देवाची चोरी केल्यासारखी. मनातल्या मनात त्याला सांगायची की देवा रे, हे तुझं नाम नाही, हे लोकांना फसवून राहिली मी.

दामिनीने मग नागपूरचं सांगितलं, हळूहळू बदलायच्या गोळ्यांचं, आधी त्रास वाढेल याचंही. काही लपवलं नाही. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की थांबलं तर नाम घेता येईल का? येईल कदाचित, दामिनी म्हणाली. नक्की कुणीच सांगू शकत नाही. आईने मान हलवली. मग तिला काहीतरी आठवलं.

"अन् तुहे थे उंदीर? बरे झाले का सोडून देतं त्याईले?"

सोमवारी चौदा नंबरची पाळी होती, मेंदू काढून तपासायची. मुंगी वाचवणाऱ्या घरात तिने आजवर औषधाचं काम करते एवढंच सांगितलं होतं. आईने तिचं गप्प राहणं बघितलं आणि तिच्या हातावर हात ठेवला, आणि त्या हाताला ते बोटातलं यंत्र लागलं. ती त्याच्याकडे बघत असतानाच बाबा दारात आले.

त्यांच्या हातात दुधाची बरणी होती, कपाळावर घाम. त्यांनी लेकीच्या बोटात जपाचं यंत्र पाहिलं, समोर आईचे हलणारे ओठ पाहिले, आणि त्यांचा चेहरा उजळला. इतके दिवस त्यांना हीच खंत होती की शिकलेली लेक या वाटेला येत नाही. ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "मायचं स्मरण मोजून राहिली का व? किती झालं?"

दामिनीला आकडा माहीत होता. बावन्न म्हणता आलं असतं, बाबांनी तो आकडा जन्मभर सांभाळला असता, आणि नागपूरला काही दुसरं कारण काढून नेता आलं असतं. तिने आईकडे पाहिलं. आईने कधी नाही ते केलं. उजवा तळवा स्वतःच्या तोंडावर ठेवला आणि दाबून धरला. तळव्याखाली जबडा चालतच होता, बोटांमधून दिसत होता. डोळे बाबांवर. मग तिने हात काढला, ओठ मिटले, थांबली.

"अजी," ती म्हणाली, "हे नाम नोहे. बिमारी हाय. मी कईच नाम घेत नोहती."

बाबांनी आधी दामिनीकडे पाहिलं, हिने काही शिकवलं का म्हणून. मग पुन्हा आईकडे. दुधाची बरणी त्यांच्या हातात तशीच होती आणि सतरंजीवर आईशेजारची त्यांची जागा रिकामी होती, रोजच्या बसण्याने तिथे विणीचा रंग उडालेला.

"मंग मी," ते म्हणाले, आणि त्यांना पुढचं बोलायला आईइतकाच वेळ लागला, "इतके वर्स कोनापाशी बसलो?"

आईच्या जिभेने शब्द दोनदा अर्ध्यात टाकला. तिसऱ्यांदा तिने तो पूर्ण केला.

"माह्यापाशी."

बाबांनी बरणी भिंतीकडे ठेवली, चपला काढल्या आणि आत आले.